मधल्या माणसाचं गाऱ्हाणं

गाढवपणा कोण करत नाही हो? पण प्रत्येकाचा गाढवपणा आपापल्या घरात, चार भिंतींच्या आत होतो आणि तिथंच जिरतो. माझा झाला तो देवळात! हातात नारळ असताना! आणि वर दोन दोन कॅमेरे चालू असताना! आता तो पुण्यामुंबईची पोरं मोबाइलवर बघतात. म्हटलं, तुम्ही बाहेरून काहीबाही ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, थंड होतोय.

माझं रत्नागिरीत मांडवीला मोटारी भरायचं दुकान आहे, हे तुम्हाला ठाऊकच. जळलेले पंखे, मिक्सर, बागायतदारांचे पंप. जुनी तार काढायची, नवी भरायची. हाताला गुण आहे माझ्या, कुणालाही विचारा. दोष आहे तो तोंडाला. मला माणसाला वाईट बातमी सांगवत नाही. पंप जळून पार कोळसा झालेला असतो, गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्याची कलमं पाण्यावाचून माना टाकतायत, आणि मी म्हणतो, "होईल, होईल! संध्याकाळपर्यंत बघू!" कशाची संध्याकाळ नि कशाचं काय!

आमची ही म्हणते, "ह्यांच्याकडे कसलाही निरोप देऊ नका. वाईट असेल तर हे नुसता चहा पिऊन, खुशाली सांगून परत येतील."

तर अशा माणसाच्या हातात एका बँडचं नशीब होतं. हो, बँड! लग्नातला नव्हे. रॉक बँड. त्यातही अल्टरनेटिव्ह रॉक. म्हणजे काय ते तेव्हा आम्हालाही नीट माहीत नव्हतं. नेहमीसारखं नाही आणि कुणाला फारसं आवडत नाही, एवढं कळलं होतं.

आम्ही तिघं. मिलिंद गायचा आणि बेस वाजवायचा. सुहास गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. मी ड्रमवर. बँडचं नाव 'खाजण'. खाडीकाठची ती खारट चिखलाची जमीन असते ना, जिथं काही पिकत नाही, ते खाजण. नाव सुहासनं ठेवलं. पुढचं त्याला दिसलं असावं.

एकदा एका गणेशोत्सवात आम्हाला बोलावलं. आम्ही डोळे मिटून, जीव ओतून चार गाणी वाजवली. चौथं संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर आले, मिलिंदच्या कानाशी वाकले आणि अदबीनं म्हणाले, "टेस्टिंग झालं असेल तर सुरू करायला हरकत नाही."

पण खरं सांगू? तसे दिवस पुन्हा आले नाहीत. सुहासचं गाव पावस गावाच्या पुढं. तिथल्या ग्रामदेवीच्या देवळाच्या सभामंडपात आम्ही प्रॅक्टिस करायचो. भर दुपारी, कारण तेव्हा देवळात कुणी नसे. भाऊ गुरव तेवढे खांबाला टेकून ऐकत बसायचे. एकदा मी विचारलं, "भाऊ, देवीला त्रास नाय ना होत?" तर म्हणाले, "पयल्यांदा झाला असंल. आता सवय झाली."

मिलिंद आणि सुहास म्हणजे एका ताटात जेवणारे. पण भांडायचेही तसेच. ह्याला गाणं जोरात संपवायचं असे, त्याला हळूहळू विरवायचं असे. मग दोन दिवस अबोला. अबोल्यात दोघांचे निरोप माझ्यामार्फत. "त्याला सांग, तो गाढव आहे." मी जाऊन सांगायचो, "अरे, तो म्हणतोय, तुझं बरोबर असेल कदाचित." लगेच दिलजमाई! मला वाटायचं, काय हुशार आहे मी!

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिलिंदनं खटपट करून मुंबईत दादरच्या एका स्टुडिओत आख्खा दिवस मिळवला. आमचं पहिलं खरं रेकॉर्डिंग. मिलिंद पुढं गेला होता. मी आणि सुहास आदल्या दिवशी निघणार. आणि दुपारी सुहासचा मला फोन.

"पद्या, अन्वीला ताप हाय रे. एकशे चार. उतरत नाय. दवाखान्यात घेऊन आलोय. मना येता यायचा नाय. मिलिंदला सांग. त्याच्याशी परवापासनं बोलणां नाय माझां, तूच सांग. एक आठवडा पुढं ढकलता आला तर बघ म्हणावं."

अन्वी म्हणजे सुहासची मुलगी. तेव्हा पाच वर्षांची.

मी म्हटलं, "तू पोरीकडं बघ. मी सांगतो."

अर्ध्या तासानं त्याचा परत फोन. "काय म्हणाला?"

आता बघा हं. मी मिलिंदला फोन केलाच नव्हता! फोन हातात घेऊन बसलो होतो. तो किती चिडेल, त्याला किती वाईट वाटेल, ह्याचाच विचार करत. आणि इकडं सुहासचा आवाज असा की, दगडाला पाझर फुटावा. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, त्याला केवढी काळजी वाटली! म्हणाला, आधी पोर, मग गाणी. पुढच्या आठवड्यात करू."

"खरंच असां म्हणाला?"

"अक्षरशः!"

सुहास फोनवर रडला हो. म्हणाला, "असा मित्र मिळायला नशीब लागतां."

मी ठरवलं, मुंबईला जाऊन मिलिंदला समोरासमोर, शांतपणे सांगायचं. सकाळी स्टुडिओत पोचलो. मिलिंद दारातच. नवा शर्ट, दाढी केलेली, चेहरा असा की, जणू त्याचंच लग्न आहे. "सुहास कुठाय?"

मी म्हटलं, "येतोय मागनं. पेणला पोचला असेल."

झालं! एकदा पेणला पोचवला म्हटल्यावर त्याला पुढं आणणं भाग होतं. दर अर्ध्या तासानं मिलिंद मलाच विचारी; अबोल्यात सुहासला फोन लावेल तो कसला! मी सुहासला पनवेलला आणला. वाशीच्या पुलावर आणला. चेंबूरला ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकवून ठेवला! माणूस तिकडं रत्नागिरीच्या दवाखान्यात पोरीच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतोय, आणि मी त्याला इकडं तोंडानं मुंबईभर फिरवतोय.

संध्याकाळी स्टुडिओवाल्यानं दिवे बंद केले. मिलिंदनं मोबाइल काढला आणि सुहासला एक ओळ पाठवली. 'तू आमच्यासाठी संपलास.'

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मिलिंदला वाटलं, सुहासनं ऐन वेळी दगा दिला. तापाचं त्याला मागाहून कुणाकडून तरी कळलं, तर ती त्याला पळवाट वाटली. सुहासला वाटलं, तोंडानं गोड बोलला आणि पोर तापात असताना असला मेसेज पाठवला, काय हा माणूस! दोघंही मानी. आणि मधला माणूस? मधला माणूस दोघांनाही सांगत राहिला, "जाऊ दे रे, होईल सगळं नीट." रोज ठरवायचो, आज सांगतो. रोजचा उद्या झाला. सोळा वर्षं गेली.

मिलिंद मुंबईला बँकेत लागला. सुहासनं बाग सांभाळली. आणि अन्वी मोठी झाली, पुण्याला सिनेमा बनवायला शिकायला गेली.

गेल्या वर्षी बापाच्या कपाटात तिला आमच्या प्रॅक्टिसची सीडी सापडली. तिनं दोन गाणी इंटरनेटवर टाकली. आणि काय नवल! तेव्हा अध्यक्षांना जे टेस्टिंग वाटलं होतं, ते आताची पोरं कानात घालून, डोळे मिटून ऐकतात. मग अन्वीनं ठरवलं, शेवटच्या वर्षाची डॉक्युमेंटरी ह्यावरच करायची. 'खाजण' बँड कसा जमला, कसा फुटला, आणि जमलं तर, परत कसा एकत्र आला.

एप्रिलात एक दिवस ती दुकानात आली. बरोबर एक कॅमेरावाली मैत्रीण. मला स्टुलावर बसवलं, शर्टाला माईक लावला. इकडचं तिकडचं विचारून झालं. मग तिनं कॅमेरा बंद करायला सांगितला आणि हळूच म्हणाली, "पद्याकाका, खरं सांगा. माझ्यामुळंच तुटला ना बँड?"

"तुझ्यामुळं? असं कोण म्हणालं?"

"कोणी म्हणायला कशाला हवं? लहानपणापासून ऐकतेय. पोरीला ताप आला आणि सुहासचा बँड गेला. बाबा कधीच बोलले नाहीत तसं. पण त्यांनी गिटारला परत हात लावला नाही, काका. मी कितीदा म्हटलं, वाजवा. म्हणतात, बोटं गेली आता. म्हणून तर फिल्म करतेय. ते दोघं एकदा जरी एका फ्रेममध्ये आले ना, तरी मला सुटल्यासारखं वाटेल."

पाच वर्षांची असल्यापासून ते पोर हे ओझं वाहत होतं आणि मला पत्ता नव्हता! तेव्हाच सांगायला हवं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. आणि मी काय म्हणालो असेन?

"होईल गो बाय! मी आणतो दोघांना एकत्र!"

तिचा चेहरा असा फुलला की, मला वाटलं, चला, निदान हे तरी चांगलं केलं.

आता आणायचं कसं? जुनी विद्या कामी आली. मिलिंदला फोन लावला. म्हटलं, "सुहासला तुझी माफी मागायचीय."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, चुकलो. रडला रे फोनवर."

"सुहास रडला?"

"ढसाढसा!"

मग सुहासला फोन. "मिलिंदला तुझी माफी मागायचीय."

"मिलिंदला? कायतरीच!"

"तुझी शप्पथ! रडत होता."

एका दिवसात मी दोन बाप्ये रडवले, आणि दोघांनाही पत्ता नाही! मिलिंदनं रजा टाकली, रेल्वेचं तिकीट काढलं. सुहासनं ओटी सारवून घेतली, मिलिंदला आवडतात म्हणून फणसाचे गरे काढून ठेवले. वर मला फोन करून विचारतो, "त्याला मधुमेह तर नाय ना झालेला?" सोळा वर्षांनी! माझा जीव खाली-वर. पण मनात म्हटलं, एकदा भेटू तर दे दोघांना. भेटले की आपोआप बोलतील. माणसंच ती.

ठरलेल्या दिवशी सकाळी नऊ वाजता देवळात जमलो. सभामंडपात माझे ड्रम मांडलेले, दोन कॅमेरे लावलेले. शूटिंग आहे म्हणून गावातली दहाबारा माणसं आलेली. सुहास धुतलेला शर्ट घालून खांबाशी उभा. मिलिंद रिक्षातून उतरला. केस गेलेले, पोट आलेलं. दोघं एकमेकांसमोर आले आणि चार हातांवर थांबले.

अन्वीनं मैत्रिणीला खूण केली. कॅमेरा सुरू.

मिलिंद सुहासकडं बघतोय. सुहास मिलिंदकडं बघतोय. मी घाम पुसतोय.

"बोल," मिलिंद म्हणाला.

"मी काय बोलू? तू बोल."

"मी ऐकायला आलोय."

"मी पण ऐकायलाच हुबा हाय सकाळपासनं."

"म्हणजे? बोलायचं तुला होतं."

"मना? बोलायचां तुला होतां!"

आणि मग दोघांनी सावकाश माना वळवून माझ्याकडं बघितलं.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतंत? मी ओरडलो, "आधी नारळ! देवीला नारळ दिल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाय! गाऱ्हाणं घाला आधी! काय रे ही रीत?"

आमच्या कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं नारळ घेऊन देवापुढं उभं राहायचं, काम काय आहे, अडचण काय आहे, ते मोठ्यानं सांगायचं. मागं उभ्या माणसांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा!' म्हणून दुजोरा द्यायचा. चांगला घालणारा असला की, पाव तास सहज जातो. मी हिशेब केला, भाऊ गुरव गाऱ्हाणं घालतील, तेवढ्यात मला काहीतरी सुचेल.

भाऊ पुढं आले. गळ्याला मफलर. तोंड उघडलं तर नुसता वारा. चार दिवस घसा बसलेला! त्यांनी नारळ उचलला आणि सरळ माझ्या हातात ठेवला.

"तू घाल," ते कुजबुजले.

"मी? मी कशाला? सुहास घालेल ना, गाव त्याचा."

"भांडण असंल तर गाऱ्हाणां मधल्या माणसानं घालायचां असतां," भाऊंनी कसाबसा आवाज काढला. "मधला कोन? तूच ना?"

सगळे म्हणाले, होय, तूच. नारळ घेऊन देवीपुढं उभा राहिलो. मागं सगळी मंडळी. पायांखाली गार फरशी. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की, मेलो! कारण दुकानात काय वाटेल ते बोलेन मी. पण हातात नारळ घेऊन देवीपुढं खोटं? बापजन्मात कुणी बोललं नाही आमच्यात. चपला बाहेर काढतो तसं खोटं बाहेर ठेवून आत यायचं, असंच शिकलोय.

म्हटलं, मोघम घालू. नावं न घेता. सुरुवात केली.

"हे देवी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मागनं आवाज आला. दहाबारा माणसं, दगडी मंडप. असा घुमला म्हणता!

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हायत…"

"होय म्हाराजा!"

"सोळा वर्सां झाली, दोन मैतरांत वाकडां आलांय…"

"होय म्हाराजा!"

आता मी पडलो ड्रमर. प्रत्येक 'होय म्हाराजा' असा नेमका समेवर येत होता की, माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला. असा ठेका मिळाल्यावर ड्रमर थांबतो होय? एक वाक्य संपलं की दुसरं आपसूक बाहेर. माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलं नाही!

"कोनाची नजर लागली असंल…"

"होय म्हाराजा!"

"कोनाच्या हातनं काय चुकलां असंल…"

"होय म्हाराजा!"

इथं खरं तर 'तां पोटात घाल' म्हणून मोकळं व्हायचं असतं. शेकडो वेळा ऐकलंय मी. पण मान वर केली आणि देवीच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या मागं, अन्वी दिसली. हात जोडून उभी. डोळे मिटलेले. ओठ हलतायत. ती काय मागत होती ते मला ठाऊक होतं.

आणि बांध फुटला.

"ह्यात त्या पोरीचा काय एक दोष नव्हता म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तिला एकशे चार ताप होता! बापानं निरोप दिला होता! येत नाय म्हणून सांग, म्हणाला होता!"

"होय म्हाराजा!" आता माणसं रंगात आलेली. काय चाललंय ते कुणाला कळत नव्हतं, पण होय म्हणायचं काम चोख.

"तो निरोप पोचलाच नाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"एकाला खोटाच होकार सांगितला! दुसऱ्याला सांगितलां, पेणला आला, पनवेलला आला, चेंबूरला अडकला! तो रत्नागिरीतनं हललाच नव्हता म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"हे दोघे एकमेकांना नि ती पोर सोताला दोष देत बसली! नि ज्यानं हे सगळां केलां, तो मुका ऱ्हायला! तो हा तुझ्यासमोर नारळ धरून हुबा हाय म्हाराजा! त्याला काय शिक्षा करायची ती तू कर!"

ह्या खेपेला मागून दोनच आवाज आले. एकत्र. मंडप दणाणला.

"होय म्हाराजा!!"

मिलिंद आणि सुहास! सोळा वर्षांत पहिल्यांदा दोघं एका सुरात!

मी वळलो नाही. वळायची छाती कुठली! डोळ्यांतनं घळाघळा पाणी, नाकातनं पाणी, हातात नारळ. मागून मिलिंदचा आवाज आला.

"म्हणजे तू पनवेललाही नव्हतास?"

"मी दवाखान्यात होतो रे."

"आणि तो दीड तास चेंबूरला…"

"चेंबूर मी अजून नीट बघितलेलां पण नाय!"

मग कुणी तरी फिस्सकन हसलं. कोण ते नाही सांगता येणार. पण ते हसणं मध्येच मोडलं. मी हळूच मागं बघितलं, तर मिलिंद अन्वीपुढं उभा. एवढा मोठा बँकेतला साहेब, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बाळा, एकशे चार होता का गं? आणि मी तुझ्या बापाला तसला मेसेज पाठवला." त्या क्षणी मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. सुहास पुढं आला, मिलिंदच्या खांद्यावर हात टाकला. एवढंच म्हणाला, "गरे काढून ठेवलेत. मधुमेह नाय ना?"

"आहे. पण खाईन."

मी नारळ ठेवला आणि गुपचूप चपला शोधायला लागलो. तेवढ्यात सुहासनं कॉलर धरली. "खंय चाललास? बस तिथं!" आणि मग दोघांनी मिळून मला जे धुतलं! पंधरा मिनिटं. एकानं वाक्य सुरू करायचं, दुसऱ्यानं संपवायचं. मी शिव्या खातोय आणि मनात म्हणतोय, काय जुळलेत हो सूर!

शेवटी मिलिंद दमला. म्हणाला, "मूर्खा, सोळा वर्षं एकटाच हे पोटात घेऊन फिरलास? झोप कशी लागली तुला?" तेव्हा मात्र मी लहान पोरासारखा रडलो. लागली नव्हती हो.

अन्वी माझ्याजवळ आली. मला वाटलं, ही आता बोलायचीच नाही माझ्याशी, आणि बरोबरच आहे. पण तिनं माझा हात हातात घेतला. डोळे लाल, नाक लाल. म्हणाली, "थँक यू, काका. तुम्हाला कल्पना नाही, मला किती हलकं वाटतंय." मी तिच्याकडं बघूच शकलो नाही.

मग ती नाक पुसत म्हणाली, "फक्त एक प्रॉब्लेम झालाय."

"काय गो?"

"ऐन वेळेला भाऊ गुरवांना खोकल्याची उबळ आली. आणि माझी मैत्रीण रडायला लागली, तिचा कॅमेरा हलला. आख्खा सीन वाया गेलाय. तेवढं गाऱ्हाणं परत घालाल?"

"परत? सगळं?"

"सगळं."

मी आशेनं मिलिंद-सुहासकडं बघितलं. म्हटलं, हे तरी सोडवतील. कसले सोडवतायत! "आमची ना नाय," सुहास म्हणाला. "होय म्हाराजा म्हणायला आमी कदी पण तयार." गावकरी तर आधीच ओळीत उभे.

दुसऱ्यांदा घातलं. मध्ये एस.टी.चा हॉर्न वाजला. तिसऱ्यांदा घातलं, तर अन्वी ओरडली, "कट! बाबा, पहिल्या वेळेला तुम्ही दोघं चार हात लांब उभे होतात! आता गळ्यात गळे घालून काय उभे आहात? जुळणार नाही ते! लांब व्हा ना!"

"नाय गो," सुहास म्हणाला. "आता लांब नाय व्हता यायचां."

"बाबा, फक्त पाच मिनिटं!"

"पाच मिंटां पण नाय."

शेवटी तिनंच कॅमेरा फिरवून फक्त मला धरायचं ठरवलं. चौथ्यांदा घातलं. पाचव्यांदा घातलं. 'त्याला काय शिक्षा करायची ती तू कर' म्हटलं की, मागून दरवेळी जास्तच उत्साहानं होकार! भाऊ गुरवांचा घसासुद्धा तेवढ्यापुरता सुटायला लागला.

सहाव्यांदा मी पुन्हा जीव ओतून बोललो. पुन्हा पाणी आलं डोळ्यांत. मनात म्हटलं, पद्या, जन्मात पहिल्यांदा सलग इतकं खरं बोललास तू, तेही सहा वेळा!

अन्वीनं हेडफोन काढला. मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं.

"काका," ती म्हणाली, "राग मानू नका हं. पण खरं नाही वाटत."